जुनी पिकअप घेताय? इंजिनच्या आधी चेसी बघा

मे महिना संपत आला की जेटीवर दोनच विषय असतात. जाळी कुणाकडे शिवायला द्यायची, आणि पैसे उरलेच तर गाडी घ्यायची का. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस ट्रॉलर बंद. बोट नांगरलेली, खलाशी गावी गेलेले, हातात थोडा पैसा आणि भरपूर वेळ. नेमके ह्याच दिवसांत फोनवर जुन्या पिकअपचे फोटो फिरायला लागतात. खाली एक ओळ ठरलेली: "इंजिनचं थोडं काम आहे, म्हणून स्वस्तात देतोय."

मागच्या बंदीत असाच एक फोटो आमच्या घरी आला. धाकट्या भावाने दाखवला. दोन लाख ऐंशी हजारांना दीड टनी पिकअप, रंग चकाचक. तो म्हणाला, "दादा, बोटीचं इंजिन आपण दोनदा उतरवलंय. हे काय मोठं आहे?" मलाही पटलं. पण वहिनींनी मध्येच विचारलं, "भावोजी, थोडं काम म्हणजे किती? आकडा सांगा." आकडा आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

त्या एका प्रश्नामुळे आम्ही दोन गाड्या नीट बघितल्या. एक सोडली, एक घेतली. दोन्हींच्या इंजिनात बिघाड होता. मग एक का सोडली आणि दुसरी का घेतली, ते इथे सविस्तर लिहितोय. यंदा कुणी ह्याच विचारात असेल तर त्याला उपयोग होईल.

आधी वहीत हिशोब

गाडी बघायला जाण्याआधी आम्ही मागच्या हंगामाची वही काढली. मालीमहून म्हापसा किंवा मडगाव, कधी कधी त्याहून लांब. वर्षाला साधारण १८० फेऱ्या, सरासरी भाडं १,५०० रुपये. म्हणजे वर्षाला २ लाख ७० हजार भाड्यात जात होते.

स्वतःची गाडी असली तर फेरीमागे डिझेल धरलं ५०० रुपये. म्हणजे प्रत्येक फेरीत १,००० वाचतात. पण विमा, कर, फिटनेस, टायर, ऑइल, किरकोळ काम ह्यांचे वर्षाला ९५ हजार धरावे लागले. गाडी भाऊच चालवणार होता, म्हणून ड्रायव्हरचा पगार नाही. सगळं वजा करून वर्षाला ८५ हजार हातात राहत होते.

ह्याचा अर्थ नीट बघा. पहिल्या ९५ फेऱ्यांपर्यंत गाडी फक्त स्वतःचं पोट भरते. त्यानंतरची फेरी तुमची. ज्याच्या वर्षाला शंभर-सव्वाशेच फेऱ्या होतात त्याने गाडी घेऊच नये, भाड्याचा टेम्पो त्याला स्वस्त पडतो. नाहीतर दोन बोटवाल्यांनी मिळून घ्यावी, पण मग कुणाच्या नावावर, डिझेल कुणाचं, दुरुस्ती कुणाची, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहावं.

आम्हाला गाडी हवी होती ती नुसत्या भाड्यासाठी नाही. टेम्पोवाला चार जणांचा माल घेऊन निघतो. आपली मासळी जेटीवर तासभर थांबते, मार्केटला पोहोचेपर्यंत चांगले गिऱ्हाईक निघून गेलेले असते. बांगडा तोच, दर वेगळा. हा तोटा वहीत दिसत नाही, पण घरात दिसतो.

शेवटी ठरवलं, सगळं मिळून चार लाख. त्यात दुरुस्ती आली, कागद आले, विमा आला. चार लाखांच्या वर एक रुपया नाही, कारण त्याच्या वरचे पैसे नव्या जाळ्याचे आणि मुलीच्या कॉलेजच्या फीचे होते.

पहिली गाडी: धूर दिसला, गंज लपवलेला

पहिली गाडी बघायला आम्ही सकाळी सातला गेलो आणि आदल्या दिवशी सांगून ठेवलं की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. गेल्या गेल्या बॉनेट उघडून इंजिनला हात लावला. कोमट होतं. म्हणजे मालकाने आधीच चालू करून गरम केलं होतं. बिघाडाचं इंजिन थंड असताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. हात लावायची ही सवय प्रत्येकाने ठेवा.

आम्ही तासभर थांबून पुन्हा चालू केलं. सायलेन्सरमधून निळसर धूर आला आणि तो थांबेना. डिझेल गाडीचा धूर वाचता यायला हवा:

निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा, वाल्व्हचे सील किंवा टर्बो, ह्यांतलं काहीतरी गेलेलं.

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. कधी नुसता एअर फिल्टर तुंबलेला असतो, कधी टर्बोचा पाइप फाटलेला, कधी नोझल खराब. हा धूर दिसायला भीतीदायक, पण बऱ्याचदा स्वस्तात निघतो.

पांढरा धूर पावसाळ्यात सकाळी थोडा वेळ दिसला तर वाफ समजा. पण गाडी गरम झाल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास आला, तर कूलंट सिलिंडरमध्ये जातंय. हेड गॅस्केट किंवा हेड. डिझेलचा उग्र वास आला तर नोझल किंवा कमी कॉम्प्रेशन.

मग इंजिन चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल केलं. झाकण जागेवर उडायला लागलं आणि खालून भकाभक धूर. ह्यालाच आपले मेस्त्री 'पासिंग' म्हणतात. सिलिंडरमधला गॅस रिंगांच्या बाजूने खाली येतो. निळा धूर आणि पासिंग एकत्र दिसले की हाफ इंजिनला पर्याय नसतो.

पण ती गाडी आम्ही इंजिनमुळे सोडली नाही. सोबत म्हापशाचे आमच्या ओळखीचे मेस्त्री होते. ते इंजिन सोडून गाडीखाली शिरले आणि छोट्या हातोडीने चेसी ठोकत पुढून मागे गेले. ठण, ठण, ठण, आणि मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ एकदम धप्प. वर नवा काळा रंग, खाली पापुद्रे. बोटाने दाबलं तर गंज हातात आला. मागचा आडवा मेंबर, ब्रेकचे पाइप, डिझेल टाकीचे पट्टे, सगळीकडे तेच.

बाहेर येऊन मेस्त्री म्हणाले, "इंजिनचे पार्ट मार्केटात मिळतात. चेसी मिळत नाही."

ती गाडी मासळीचीच होती. क्रेटमधलं खारं पाणी वर्षानुवर्षं फळ्यांच्या फटीतून चेसीवर ठिबकलेलं. आपण दर्यावरची माणसं, मीठ लोखंडाला काय करतं ते आपल्याला सांगायला नको. तरी गाडी घेताना आपण बॉनेट उघडतो आणि खाली वाकत नाही. ज्या पट्ट्यावर चेसी नंबर ठोकलेला असतो तिथेच गंज लागला तर आणखी अडचण. गाडी नावावर करताना आणि फिटनेसला तो नंबर वाचता यावा लागतो. इंजिन नंबरही आरसीशी ताडून बघा. कुणी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून आरटीओत नोंद केली नसेल तर ते दुखणं तुमच्या गळ्यात येतं.

घरी येऊन वहिनींना हवा होता तो आकडा मांडला:

मागितलेली किंमत २,८०,०००
हाफ इंजिन ८५,०००
क्लच आणि टर्बोचे पाइप २०,०००
चेसीचं वेल्डिंग, मागची बॉडी ३५,०००
थकलेला कर आणि कागद २५,०००
एकूण ४,४५,०००

त्याच आठवड्यात तसल्याच मॉडेलची, चालू हालतीतली गाडी आम्ही सव्वाचार लाखांना बघितली होती. म्हणजे 'स्वस्त' गाडी वीस हजारांनी महाग पडत होती, आणि वेल्ड केलेली चेसी दोन पावसाळे काढेल की नाही ह्याची खात्री नव्हती. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बरं झालं विचारलं."

दुसरी गाडी: चढावर तापणारी

दुसरी गाडी डिचोलीकडची. मालक पशुखाद्य आणि बांधकामाचं सामान नेत होता. त्याने सरळ सांगितलं, "रिकामी असली की ठीक चालते. भरली आणि चढ लागला की तापते. पाणी कमी होतं. मला आता खर्च करायचा नाही." मागितले ३ लाख १० हजार.

चेसी ठोकली. पुढून मागेपर्यंत एकच आवाज. धूळ होती, माती होती, गंज वरवरचा. थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून इंजिन चालू केलं तर पाण्यात बुडबुडे येत होते. डिपस्टिकवरचं ऑइल मात्र काळंच होतं. दूध घातलेल्या चहासारखं झालं असतं तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय असं समजून आम्ही तिथेच थांबलो असतो. झाकण सैल केलं तर पासिंग नाही. मेस्त्रींनी संगणक जोडला, नोझल-पंपाची तक्रार नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं, तिघांचं जवळजवळ सारखं, एकाचं थोडं कमी.

नंतर रेडिएटर भरून गाडीत वजन घालून पर्वरीच्या चढावर नेली. वर पोहोचेपर्यंत काटा चढायला लागला. लगेच बाजूला घेऊन थांबलो. मालक खरं बोलत होता.

इथे आपल्या बोटवाल्यांची एक चूक होते ती सांगतो. बोटीच्या इंजिनला थंड करायला अख्खा दर्या असतो, गाडीला फक्त एक रेडिएटर. बोट तासन् तास एकाच वेगात चालते, पिकअप थांबत-पळत, चढ-उताराने. त्यात आताच्या डिझेल गाड्यांत सेन्सर आणि वायरिंग. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सहा गाड्यांना धूर साफ करायची यंत्रणाही लागलेली असते, तिची दुरुस्ती महाग. म्हणून बोटीचा मेस्त्री कितीही चांगला असला तरी गाडीला गाडीचाच मेस्त्री न्या. दिवसाचे हजार-दीड हजार द्या. आमचे सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे तेच.

मेस्त्रींचं मत पडलं: हेड गॅस्केट गेलंय. हेड वाकलं असेल तर फेसिंग करून जमेल. हेडला किंवा ब्लॉकला चीर असेल तर गाडी घेऊ नका. आणि चीर आहे की नाही ते उघडल्याशिवाय कळणार नाही.

मग आम्ही मालकाला सांगितलं: गाडी म्हापशाला गॅरेजमध्ये आणू. हेड उतरवायची मजुरी आमची. ५,००० टोकन देतो. हेड टेस्टला देऊ. चीर निघाली तर टोकन परत, मजुरी आमची गेली. चीर नसेल तर ठरलेल्या २ लाख ६५ हजारांना व्यवहार. हे सगळं साध्या कागदावर लिहून दोघांनी सही केली. मालक तयार झाला, कारण त्यालाही माहीत होतं की न उघडलेल्या इंजिनला चांगली किंमत कुणी देणार नाही.

हेड उतरवलं. दोन सिलिंडरच्या मधे गॅस्केट जळलेलं. लायनर स्वच्छ. हेड प्रेशर टेस्टला दिलं, चीर नव्हती, थोडं वाकलेलं होतं. रेडिएटर अर्धा तुंबलेला आणि वॉटर पंप गळका. म्हणजे तापण्याचं मूळ तिथे, गॅस्केट हा त्याचा परिणाम. नुसतं गॅस्केट बदलून गाडी बाहेर काढली असती तर दोन महिन्यांत पुन्हा तीच गत झाली असती.

ठरलेली किंमत २,६५,०००
हेडचं सगळं काम ३६,०००
रेडिएटर, वॉटर पंप १४,०००
दोन टायर १३,०००
विमा, फिटनेस, नावावर करणं ३२,०००
एकूण ३,६०,०००

चार लाखांत चाळीस हजार उरले. काम १९ दिवस चाललं, पण जून-जुलै होता, एक फेरीही बुडाली नाही. हीच गाडी सप्टेंबरात घेतली असती तर १९ दिवस टेम्पोचं भाडं आणि गाडीत अडकलेला पैसा, दोन्ही सोसावं लागलं असतं. इंजिनचं काम असलेली गाडी घ्यायची तर ती बंदीतच. हंगाम चालू असताना फक्त चालती गाडी बघा.

कागद आणि वजन

गाडी गोव्यातलीच असेल तर फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर होते. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आधी हातात घ्या, 'नंतर देतो' चालवू नका. महाराष्ट्र किंवा कर्नाटक पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओचं ना हरकत पत्र, फॉर्म २८, आणि इथला कर धरल्यावर हिशोब बदलतो. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. थकलेले ई-चलन आणि फिटनेसची तारीख परिवहनच्या साइटवर बघा. मालवाहू गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी फिटनेस लागतं आणि त्यानंतर दर वर्षी, म्हणून आठ वर्षांवरच्या गाडीच्या किमतीत ते धरा.

आणि गाडी विकणाऱ्यांनीही ऐका. चावी दिली म्हणजे सुटलो असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय की अपघात झाला तेव्हा आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक धरला जातो. त्यामुळे नावावर करायचं काम दोघांच्याही फायद्याचं. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीलाही कळवायचं असतं.

वजनाचंही बघा. आपण म्हणतो एक टन मासळी, पण आपल्या उन्हात मासळीइतकाच बर्फ लागतो. म्हणजे दोन टन झाले, वर क्रेट. दीड टनी गाडीवर ते घातलं तर इंजिन, क्लच आणि पाटे तिन्ही जातात. आरसीवरचं एकूण वजन वाचा. ते ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. दीड टनी पिकअप बहुतेक त्याच्या वर जातात, तेव्हा परवाना आहे का ते तपासा.

नवी गाडी घ्यायची ऐपत जवळपास असेल तर आधी पणजीच्या मत्स्योद्योग खात्यात एक फेरी मारा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत इन्सुलेटेड गाडी, बर्फपेटीची तीनचाकी आणि मोटरसायकल ह्यांना मदत ठेवलेली आहे, सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. मासळी विकणाऱ्या आपल्या बायकांनी हे जरूर विचारावं. अर्ज चालू आहेत का ते विचारूनच जुन्या गाडीला टोकन द्या.

हंगाम संपल्यावर

गाडीने एक हंगाम काढला. सगळं गोडच झालं असं सांगणार नाही. ऑक्टोबरात रेडिएटरचा एक पाइप फुटला आणि दोन तास रस्त्यात गेले. बर्फ भरपूर होता म्हणून माल वाचला. पण पर्वरीच्या चढावर काटा आता मधेच राहतो. वर्षाला ८५ हजार धरले तर ३ लाख ६० हजार सुटायला चार वर्षांहून जास्त लागतील. म्हणून चेसी तेवढी टिकणं हाच खरा प्रश्न आहे.

त्यासाठी भावाने क्रेटखाली ट्रे बसवला, त्याला नळी लावून पाणी मागच्या कॅनमध्ये सोडलं. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने गाडी खालून धुतो. पहिले काही दिवस त्याला कंटाळा यायचा. वहिनी म्हणाल्या, "बोट धुता ना? मग ही पण धुवा." आता न सांगता धुतो.

तर मंडळी, इंजिनचं काम आहे म्हणून गाडी सोडू नका आणि स्वस्त आहे म्हणून घेऊ नका. बिघाड नेमका कुठला ते कळलं की त्याची किंमत काढता येते आणि ती मालकाच्या किमतीतून कापता येते. जो बिघाड मालक उघडू देत नाही, त्याची किंमत कुणालाच काढता येत नाही. ती गाडी तिथेच सोडून घरी या. अजून बंदीचे दिवस आहेत, दुसरी गाडी मिळेल.

कुणी यंदा गाडी बघायला जाणार असेल तर सोसायटीत सांगा. ज्यांनी गेल्या दोन-तीन वर्षांत जुनी पिकअप घेतली त्यांनी खर्चाचे खरे आकडे खाली लिहा. फसला असाल तर तेही लिहा. त्यात लाज नाही, पुढच्याचे पैसे वाचतील. आणि जाताना खिशात एक छोटी हातोडी ठेवा.